मल्चिंग पेपरमध्ये नॅनो-क्ले : प्रकल्प नोंदी, वाळूज

११ सप्टेंबर २०२३

सिल्लोड-भोकरदनकडे उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये लागते. मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरतात ती प्लास्टिकची फिल्म) गादीवाफ्यावर चढतो तोच वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात, आणि पुढे पाच-सहा महिने तिथेच राहतो. तक्रारी दोन. पेपर वाफ्याच्या खांद्यावर, जिथे तो सगळ्यात ताणलेला असतो तिथे, हंगामाच्या मध्येच चिरतो. दुसरी जास्त गंभीर : पीक संपल्यावर पेपर उचलायला जावे तर हातात तुकडे येतात आणि उरलेले रोटाव्हेटरखाली जातात. काळ्या मातीत मिसळलेली ती कात्रणे पुन्हा वेचून निघत नाहीत.

बाजाराचा रेटा मात्र पातळ पेपरकडे आहे. १.२ मीटर रुंद, ४०० मीटरचा रोल ३० मायक्रॉनला सुमारे १३.४ किलो भरतो, २५ मायक्रॉनला ११.२ किलो. रोलमागे सव्वादोन किलो माल वाचतो. पण जाडी एक-षष्ठांशाने घटली की तेवढ्याच ओढीला पेपर जास्त ताणतो. हे भरून काढायचे तर मॉड्युलस (मालाचा ताठपणा, म्हणजे ताणाला विरोध) २० टक्क्यांनी वाढायला हवा. प्रकल्पाचे उद्दिष्ट एवढेच : २५ मायक्रॉनमध्ये २० टक्के जादा मॉड्युलस, आणि आयुष्य तसूभरही कमी नको.

मार्ग : मॉन्टमोरिलोनाइट जातीचा नॅनो-क्ले, म्हणजे अतिपातळ पापुद्र्यांची चिकणमाती. पापुद्रा साधारण १ नॅनोमीटर जाड, लांबी-रुंदी १०० ते २०० नॅनोमीटर. टोयोटाच्या संशोधन केंद्राने नायलॉन-६ मध्ये चारेक टक्के क्ले घालून मॉड्युलस जवळपास दुप्पट केला, हे उदाहरण सगळेच देतात. पण तिथे नायलॉनचा मोनोमर पापुद्र्यांच्या मध्ये शिरवून तिथेच त्याचे पॉलिमर केले होते, आणि नायलॉन मुळातच ध्रुवीय. आपल्या पेपरच्या पॉलिइथिलिनचे क्लेशी काहीही नाते नाही. इथे दुपटीची अपेक्षा ठेवायची नाही.

१८ सप्टेंबर

कच्चा माल तपासला.

एलएलडीपीई (पेपरचे मुख्य पॉलिइथिलिन) : ब्युटीन ग्रेड, एमएफआय (वितळलेल्या मालाचा वाहतेपणा) १, घनता ०.९१८. सोबत २० टक्के एलडीपीई (पॉलिइथिलिनचाच दुसरा प्रकार), बबल (फिल्म ओढताना हवेने फुगवलेली नळी) स्थिर राहावा म्हणून.

क्ले : चतुर्थक अमोनियम क्षाराने सेंद्रिय केलेला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी पापुद्र्यांतले अंतर मोजणे; कोन लहान तर अंतर जास्त) पहिले शिखर दोन-थीटा ३.६ अंशांवर, म्हणजे पापुद्र्यांतले अंतर २.४५ नॅनोमीटर. साधा सोडियम क्ले ७ अंशांच्या पुढे, १.२ नॅनोमीटरच्या आसपास दिसला असता. टीजीएत (तापवत वजन मोजणे) ५५०° सेल्सिअसला ६२ टक्के शिल्लक. बाकीचे ३८ टक्के सेंद्रिय. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला आहे, कारण '३ टक्के क्ले' म्हणताना त्यात खरा सिलिकेट १.८६ टक्केच असतो आणि पुढचे सगळे हिशेब त्यावर होतात.

पावसाळी हवा आहे. उघड्या पोत्यातल्या क्लेत ओल २.८ टक्के निघाली. ८०° ला ट्रेमध्ये ८ तास वाळवून ती ०.६ वर आली. ट्रेमध्ये थर दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको; जाड थराचा वरचा भाग वाळतो, तळ तसाच राहतो. तापमान १०० च्या पुढे नेण्याची घाई करू नये.

क्ले आणि टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडची) पोती उघडताना मास्क पी-१०० फिल्टरचा. साध्या कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. सांडलेली पूड झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

२६ सप्टेंबर

पहिला मास्टरबॅच (फिल्मच्या मालात थोडा थोडा मिसळायचे दाट मिश्रण), १० किलो. क्ले २.०, मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेले पॉलिइथिलिन (क्ले आणि पॉलिमर यांना जोडणारे; पुढे नुसते 'ग्राफ्ट') ४.०, एलएलडीपीई ३.७६, हॅल्स (उन्हापासून वाचवणारे रसायन) ०.२०, अँटिऑक्सिडंट ०.०४ किलो. फिल्ममध्ये १५ टक्के टाकला की क्ले ३ टक्के, ग्राफ्ट ६ टक्के, हॅल्स ०.३ टक्के.

ट्विन-स्क्रू (दोन स्क्रूंनी माल वितळवून मळणारे यंत्र) २५ मिलिमीटर, एल/डी (लांबी-व्यास गुणोत्तर) ४०. सगळा माल मुख्य हॉपरमधून. झोन २०० ते २१० अंश, ४०० आरपीएम, ताशी ६ किलो.

विसाव्या मिनिटाला डायपाशी (माल बाहेर पडतो त्या तोंडापाशी) माशासारखा वास. स्ट्रँड (बाहेर येणारी मालाची दोरी) पिवळट, मधून मधून फुगलेला. सुईच्या थर्मोकपलने डायच्या तोंडाशी वितळ मोजली : २२८ अंश. पॅनलवर २१० दिसत होते. चाळीस मिनिटांनी थांबवले, ५ किलो एलडीपीई घालून बॅरल धुतला.

२९ सप्टेंबर

या मालाची एक्सआरडी. अपेक्षा होती की शिखर ३.६ वरून डावीकडे सरकेल, म्हणजे पापुद्रे लांब जातील. झाले उलटे. ३.६ चे शिखर बारीक झाले आणि ६.५ अंशांवर नवे आले : १.३६ नॅनोमीटर. पापुद्रे उघडायच्या ऐवजी मिटले.

कारण सरळ आहे. चतुर्थक अमोनियम क्षार २०० अंशांच्या आसपास मोडू लागतो. याला हॉफमान निष्कासन म्हणतात. क्षारातून एक ओलेफिन आणि एक तृतीयक अमाइन सुटते. तो वास अमाइनचाच. पापुद्र्यांना दूर धरणारी शेपूटच गेली की ते परत एकमेकांवर बसतात. क्षार सुटून गेलेल्या जागी क्लेवर एक प्रोटॉन उरतो, म्हणजे आम्लधर्मी ठिकाण. वास ओळखता आला, त्या आम्लाकडे मात्र तेव्हा पुरेसे लक्ष गेले नाही. (९ डिसेंबरची नोंद पाहा.)

दोष सेटिंगचा. जास्त आरपीएम आणि कमी माल हे मिश्रण सगळ्यात वाईट : प्रत्येक किलोला घर्षणाची उष्णता जास्त मिळते आणि बॅरलमध्ये मुक्कामही लांबतो. क्ले मुख्य हॉपरमधून घातल्याने तो घट्ट दाण्यांच्या चक्कीतून गेला. पापुद्रे सुटण्याआधीच तुटले असणार.

९ ऑक्टोबर

दुसरा मास्टरबॅच. कृती तीच, रीत वेगळी. पॉलिमर, ग्राफ्ट आणि बाकीची रसायने मुख्य हॉपरमधून; क्ले साइड फीडरने, पॉलिमर पूर्ण वितळल्यानंतरच्या बॅरलमध्ये. झोन १५०-१६०-१६५-१७०-१७०, डाय १७५. २५० आरपीएम, ताशी १० किलो. व्हॅक्यूम चालू. वितळ १८६. वास नाही, स्ट्रँड दुधाळ आणि गुळगुळीत.

स्ट्रँडच्या टाकीत बोअरचे पाणी आहे. ते जड असल्याने दाण्यांवर पांढरी पूड बसते. एअर नाइफ लावूनही दाणे ओलसर राहतात, म्हणून गोळा केलेला मास्टरबॅच पुन्हा ७० अंशांवर ४ तास.

एक्सआरडी : शिखर २.६ अंश, ३.४ नॅनोमीटर, आणि आधीपेक्षा बुटके, पसरट. पॉलिमर पापुद्र्यांमध्ये शिरले आहे. पूर्ण सुटे झाले असते तर शिखर दिसलेच नसते. अर्थात शिखर न दिसणे हाही पुरावा नव्हे. थप्प्या अस्ताव्यस्त असल्या, किंवा क्ले कमी असला, तरी ते गायब होते. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) बाहेरून करून घ्यायचे.

१२ ऑक्टोबर

राख तपासणी. मास्टरबॅचमध्ये २० टक्के क्ले, म्हणजे ५५०° ला राख १२.४ टक्के यायला हवी. सुरुवातीचा नमुना १२.३, मधला १०.१, शेवटचा १२.०.

मधला नमुना लंगडा. साइड फीडरच्या घशात क्लेने कमान धरली होती. वरून हॉपर भरलेला दिसतो, खाली पोकळी. आता हॉपर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, ढवळणी सतत चालू, आणि दर १५ मिनिटांनी फीडरचे वजन लिहायचे. मधला ३ किलो माल वेगळा काढला. एकूण सरासरी बरी येते म्हणून तो मिसळून टाकण्याचा मोह होतो, पण मल्चिंग पेपर जिथे कमजोर असतो तिथेच फाटतो.

२० ऑक्टोबर

फिल्म. सिंगल-स्क्रू लाइन, १०० मिलिमीटर डाय, २५ मायक्रॉन. पॉलिमर सगळीकडे तेच.

अ : क्ले नाही, हॅल्स ०.३ टक्के.
ब : क्ले ३ टक्के, ग्राफ्टसह.
क : क्ले ३ टक्के, ग्राफ्टशिवाय.
ड : कार्बन ब्लॅक (बारीक काजळी) २.५ टक्के.
इ : कार्बन ब्लॅक २.५ टक्के आणि क्ले ३ टक्के.
फ : नॅनो टायटॅनिया १ टक्का.

'क' मध्ये फिश-आय भरपूर. बबलवर उजेड धरला की मोहरीएवढे ठिपके दिसतात, आणि त्यांच्या मागे शेपटासारखी पातळ रेघ. ४०-८०-१२० मेशचा स्क्रीन पॅक (गाळणी) अर्ध्या तासात तुंबला, दाब वाढतच गेला. 'ब' दीड तास स्थिर चालला.

फिल्म लाइनच्या सिंगल-स्क्रूमध्ये पापुद्रे आणखी सुटत नाहीत. जे सुटायचे ते ट्विन-स्क्रूमध्येच सुटते. इथे मास्टरबॅच फक्त पसरतो. तिथे राहिलेली गाठ इथे फिश-आय होते.

१ नोव्हेंबर

ताण चाचणी, लांबीच्या दिशेने. मॉड्युलस : अ १९० मेगापास्कल, ब २४०, क २०५. इलाँगेशन (तुटण्याआधी फिल्म किती ताणते) : अ ६४० टक्के, ब ५५५, क ४१०.

'ब' मध्ये २६ टक्के वाढ. उद्दिष्ट गाठले, पण का गाठले ते समजून घेणे जरूर, नाहीतर पुढच्या लॉटला हुकेल. वजनाने १.८६ टक्के सिलिकेट, घनता २.६ धरली तर आकारमानाने जेमतेम ०.६७ टक्के. हॅल्पिन-त्साईच्या सूत्रात (भरणीने ताठपणा किती वाढेल याचा अंदाज देणाऱ्या) सिलिकेटचा मॉड्युलस १७० गिगापास्कल आणि लांबी-जाडीचे गुणोत्तर १०० घातले, तर फिल्म दुपटीहून ताठ व्हायला हवी. गुणोत्तर २० घातले तर वाढ २६ टक्के येते. ५ घातले तर ७ टक्के, म्हणजे जवळपास 'क'.

म्हणजे दोन्ही फिल्ममध्ये क्ले तेवढाच आहे, फरक थप्पीच्या जाडीचा. 'ब' मध्ये काही पापुद्र्यांच्या थप्प्या आहेत, 'क' मध्ये जाड ठोकळे. टीईएमचे फोटो आले, तेही हेच सांगतात : 'ब' मध्ये प्रवाहाच्या दिशेने पसरलेल्या पातळ काळ्या रेघा, 'क' मध्ये वीट फुटावी तसे तुकडे. क्लेची टक्केवारी वाढवून ताठपणा शोधणारे बहुतेक वेळा ठोकळेच वाढवतात. ५ टक्क्यांची एक छोटी फिल्म ओढून पाहिली. मॉड्युलस किंचित वाढला, इलाँगेशन ४३० वर आले, फिश-आय परत आले. ३ टक्क्यांवर थांबलो.

फाटशक्ती ही दुखरी बाजू. पापुद्रे लांबीच्या दिशेने झोपतात, त्यामुळे 'ब' ची लांबीतली फाटशक्ती (एल्मेनडॉर्फ चाचणीत) 'अ' पेक्षा चौथाईने कमी. चीर सुरू झाली की रेघेने पळते. शेतात याचा अर्थ रोपासाठी पाडलेले छिद्र. ब्लो-अप रेशो (बबल डायच्या किती पट फुगतो) २.० वरून २.५ केला, ले-फ्लॅट (बबल चपटा केल्यावरची रुंदी) ३१४ वरून ३९३ मिलिमीटर. आडवी ओढ वाढल्याने अर्धा तोटा भरून निघाला. बाकीचा अर्धा छिद्र कसे पाडतात त्यावर आहे. तापवलेल्या पाइपने पाडलेल्या गोल छिद्राची कड वितळून जाड होते आणि चीर थांबते. ब्लेडने मारलेली फुली म्हणजे चिरेला चार दरवाजे.

६ नोव्हेंबर

क्यूयूव्ही (कृत्रिम ऊन आणि दवाची चाचणी) सुरू. यूव्हीए-३४० दिवे, ८ तास प्रकाश ६० अंशांवर, ४ तास दव ५० अंशांवर. इलाँगेशन मूळच्या निम्म्यावर आले की फिल्म संपली असे धरायचे. सोबत एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपट) १७१५ चे कार्बोनिल शिखर, म्हणजे ऑक्सिडेशनची खूण.

मशीन चालू असताना लाइट दोनदा गेली. तासांचा काटा मशीन प्रत्यक्ष चालल्याच्या वेळेवर ठेवला आहे, घड्याळाच्या नाही.

२० नोव्हेंबर

३०० तास. इलाँगेशन, टक्क्यांत :

अ : ६४० वरून ५८५.
ब : ५५५ वरून २७०.
क : ४१० वरून १२०.
ड आणि इ : बदल मोजण्याजोगा नाही.
फ : ८० च्या खाली, आणि पृष्ठभागावर खडू. काळ्या कापडाने पुसले की पांढरे उमटते.

'ब' ची फिल्म ताठ आहे, दिसायला सुबक आहे, आणि साध्या फिल्मच्या कितीतरी आधी मरते. आज प्रकल्प इथेच थांबला असता तर मिरचीच्या शेतात तुकड्यांची भरच पडली असती. शिवाय ताण चाचणीच्या कागदावर ती सगळ्यात चांगली दिसली असती.

२४ नोव्हेंबर

'फ' चा उलगडा लवकर झाला. डब्यावर फक्त 'नॅनो टायटॅनिया, २० नॅनोमीटर' लिहिलेले. एक्सआरडी काढली : मोठे शिखर २५.३ अंशांवर. तो अ‍ॅनाटेज. रूटाइल (टायटॅनियाचे दुसरे स्फटिकरूप) असता तर २७.४ वर दिसला असता. अ‍ॅनाटेज अतिनील किरण शोषून घेतो खरा, पण शोषलेल्या ऊर्जेने पृष्ठभागावर ओल आणि ऑक्सिजनपासून मूलके (अस्थिर, फार क्रियाशील रेणुखंड) तयार करतो, आणि ती शेजारच्या पॉलिमरला खातात. पाणी शुद्ध करायला हाच गुण वापरतात. फिल्ममध्ये तो विष आहे. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग मोठा, तितके हे काम जोरात.

फिल्मसाठी रूटाइलच, आणि तोही अ‍ॅल्युमिना-सिलिकाचे आवरण असलेला. पुरवठादाराकडे स्फटिकरूप आणि आवरण दोन्ही लेखी मागायचे. डबा आला की एक्सआरडी, मग वापर. अर्ध्या तासाचे काम आहे.

९ डिसेंबर

'ब' का मरते. दोन आठवडे यावरच गेले.

पहिला धागा ओआयटीतून (ऑक्सिजनमध्ये तापवून फिल्म किती वेळ टिकते ते मोजणे). २०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये 'अ' २८ मिनिटे टिकते, 'ब' १५. ही फिल्म उन्हात न गेलेली आहे. म्हणजे अँटिऑक्सिडंट यंत्रातून बाहेर पडतानाच अर्धा झालेला.

दुसरा हॅल्स. तो ओआयटीत दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो ठीक आहे असे धरले गेले होते. हॅल्स आम्लारिधर्मी अमाइन आहे, आणि क्लेवर आम्लधर्मी ठिकाणे आहेत : काही मूळची, काही अमोनियम क्षार मोडल्याने झालेली. दोघांची गाठ पडली की हॅल्स तिथेच क्षार होऊन बसतो आणि त्याचे मूलके टिपण्याचे काम थांबते. आपण तर हॅल्स क्लेच्याच मास्टरबॅचमध्ये, २ टक्के इतक्या दाट प्रमाणात, बॅरलच्या उष्णतेत त्याच्याशी मळून काढला. सोयीसाठी एकच मास्टरबॅच केला, त्याची ही किंमत.

तिसरा लोह. मॉन्टमोरिलोनाइटच्या जाळीत थोडे लोह असतेच. ते हायड्रोपेरॉक्साइड (ऑक्सिडेशनमध्ये तयार होणारे अस्थिर संयुग) फोडते आणि उन्हातल्या ऑक्सिडेशनला सुरुवातीचा धक्का देते. म्हणूनच 'ब' च्या कार्बोनिल आलेखात सुरुवातीचा सपाट भाग जवळजवळ नाही. 'अ' मध्ये तो स्पष्ट दिसतो.

'इ' वाचते कशामुळे, तर कार्बन ब्लॅक प्रकाशच आत येऊ देत नाही. एकेका कणाचा आकार २० नॅनोमीटरच्या घरात आहे, म्हणजे तोही नॅनोफिलरच. पाइपवाले 'नॅनो' शब्द नव्हता तेव्हापासून तो २.५ टक्क्यांनी घालत आले आहेत. मग सगळा पेपर काळाच का नको? मे महिन्यात काळ्या पेपरवर कोवळ्या रोपाची मान भाजते, आणि मिरचीवरचे फुलकिडे व मावा चंदेरी पृष्ठभागाला बिचकतात. वरची बाजू चंदेरीच लागते.

१८ डिसेंबर

नव्या दोन फिल्म.

ब-२ : क्लेचा मास्टरबॅच हॅल्सशिवाय, हॅल्स वेगळ्या मास्टरबॅचमधून थेट फिल्म लाइनवर.

ब-३ : तसेच, पण हॅल्स एनओआर प्रकारचा (त्याची आम्लारिता फार कमी, आम्लाशी भांडत नाही), शिवाय क्लेच्या मास्टरबॅचमध्ये हायड्रोटॅल्साइट (आम्ल टिपणारे) आणि मेटल डीअ‍ॅक्टिव्हेटर (लोहाला निकामी करणारे), फिल्मवर प्रत्येकी ०.१ टक्का पडेल असे.

१६ जानेवारी २०२४

३०० तास : ब-२ ५५० वरून ३९०, ब-३ ५५५ वरून ५००. ६०० तास : अ ४३०, ब-३ ४००, ब ६० च्या खाली.

फक्त घालण्याचा क्रम बदलून, एक पैशाचेही नवे रसायन न घालता, 'ब' आणि 'ब-२' मध्ये एवढा फरक पडला. बाकीचे काम एनओआर आणि दोन मदतनिसांनी केले. तिघांतला कोणाचा वाटा किती, ते वेगळे करायचे तर आणखी चार फिल्म ओढाव्या लागतील. वेळ नाही. एप्रिलला पेपर शेतात हवा.

१२ फेब्रुवारी

तीन थरांची रचना ठरली, १:२:१, म्हणजे ६.२५, १२.५ आणि ६.२५ मायक्रॉन.

वर : चंदेरी. अ‍ॅल्युमिनियम पिगमेंट, आवरण असलेला रूटाइल १ टक्का, एनओआर हॅल्स ०.५ टक्के. क्ले नाही.
मधे : क्ले ६ टक्के (सबंध फिल्मवर ३), मदतनीस वरीलप्रमाणे.
खाली : कार्बन ब्लॅक ४ टक्के. थर पातळ असल्याने पाइपपेक्षा जास्त लागतो, नाहीतर उजेड झिरपून तण येते.

क्ले मधल्या थरात ठेवल्याने तो उन्हापासूनही लांब आणि वरच्या हॅल्सपासूनही लांब. वाकवण्याच्या ताठपणासाठी ताठ थर बाहेर हवा असतो, हे खरे. पण मल्चिंग पेपर वाकत नाही, ताणला जातो, आणि ताणात थर कुठे आहे याने फरक पडत नाही. हॅल्स मात्र लहान रेणू आहे, तो थरातून थरात सरकतो. वर ०.३ ऐवजी ०.५ टक्के घातला तो त्यासाठीच.

१४ मार्च

जालन्यातल्या एका तीन-थरी लाइनवर १.२ मीटरचे चार रोल. मॉड्युलस २३२, एकथरी 'अ' पेक्षा २२ टक्के जास्त. दोन अडचणी. मधल्या एक्सट्रूडरच्या हॉपरमधला मास्टरबॅच रात्रभर उघडा राहिला होता; सकाळी बबलमध्ये लांबट बुडबुडे. ४० किलो भंगार. दुसरी, डायच्या ओठांवर तपकिरी कड जमते (चालवणारे तिला दाढी म्हणतात) आणि फिल्मवर रेघ ओढते. दर दोन तासांनी पितळी पट्टीने ओठ पुसायचे. स्टीलची पट्टी नको, ओठ खरवडतात.

२२ एप्रिल

भोकरदन तालुक्यात दोन वाफ्यांवर पट्टा : एकावर नवा २५ मायक्रॉन, शेजारच्यावर बाजारातला ३० मायक्रॉन चंदेरी-काळा. खाली ठिबकच्या नळ्या. अंथरताना भर उन्हात ओढून ताणू नये. सकाळी नऊच्या आत अंथरला तर दुपारी तो सैल पडतो आणि रात्री परत बसतो. दुपारी सैल असताना ताणलेला पेपर पहाटे आकसून खांद्यावर चिरतो. छिद्रे तापवलेल्या पाइपने.

२० मे

सावलीत ४१ अंश. दुपारी दोनला चंदेरी बाजूखालचा थर्मोकपल ५२, पेपर उलटा करून काळी बाजू वर केली तिथे ६६. वाफ्याच्या खांद्यावर आणि ठिबकच्या नळीवर जिथे पेपर घासतो तिथे अजून काही नाही.

१५ जुलै

गंधक. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला अडीच-तीन ग्रॅमने फवारतात, आणि थेंब पेपरवर पडतातच. गंधकातून उन्हात आम्ल तयार होते आणि साधा हॅल्स तिथेही क्षार होऊन बसतो. क्लेने आतून जे केले तेच इथे बाहेरून. गच्चीवरच्या रॅकवर ब-२ आणि नव्या पेपरचे तुकडे मार्चपासून आहेत, एप्रिलपासून त्यांच्यावर दर आठवड्याला त्याच दाटीचा फवारा. ब-२ आज बोटाने दुमडला की घडीवर पांढरा पडतो. नवा पेपर अजून मऊ आहे. एनओआर घेतला तो क्लेसाठी, कामी तो इथेही आला.

२३ ऑक्टोबर

पीक काढले, पेपर उचलला. पद्धत : एका टोकाची माती खोऱ्याने सैल करायची, दोघांनी दोन कडा धरून एकसारखे ओढायचे, फाटला की तुकडा मोजायचा.

३० मीटरच्या वाफ्यावर नवा पेपर तीन तुकड्यांत निघाला. तिन्ही वेळा चीर छिद्रापासून सुरू झाली. त्यातली दोन छिद्रे ब्लेडने नंतर मोठी केलेली होती. बाजारातला ३० मायक्रॉन अकरा तुकड्यांत. मातीखाली दाबलेली कड दोन्हींची शाबूत, ऊन नाही म्हणून. नव्या पेपरचे इलाँगेशन वाफ्याच्या माथ्यावर मूळच्या ७१ टक्के, दक्षिणेकडच्या खांद्यावर ५८ टक्के. निम्म्याच्या वर, पण फार वर नाही. हा पेपर दुसऱ्या पिकाला ठेवायचा नाही, असे रोलवर छापावे लागेल.

क्लेचा पुढचा लॉट आला आहे. एक्सआरडीत शिखर ३.६ ऐवजी ३.९ वर, टीजीएत शिल्लक ६६ टक्के. सेंद्रिय भाग कमी आहे. २ किलोंच्या जागी १.८८ किलो घेतला की सिलिकेट तेवढाच येतो, पण पापुद्रे आधीपेक्षा जवळ आहेत आणि ते वजन बदलून सुधारणार नाही. परत पाठवला.